पहिली रिसर्च ग्रँट लिहायचीय? आधी ओपीडीचं रजिस्टर उघडा

रेसिडेन्सी संपते, असिस्टंट प्रोफेसरची ऑर्डर हातात येते, अजून क्वार्टरचा नळ पण दुरुस्त झालेला नसतो आणि एचओडी मॅडम राउंड संपताना सहज म्हणतात, "तुम्ही यंग आहात, आयसीएमआरला टाका की एखादा प्रोजेक्ट." जसं काही आयसीएमआरला, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या संस्थेला, स्पीड पोस्टच टाकायचंय. थीसिस केलेला असतो पण तो कसा केला ते आपल्यालाच माहीत असतं, टॉपिक सरांनी दिलेला, सॅम्पल साइझ सिनियरच्या थीसिसमधून उचललेला, स्टॅट्स कुणाकडून तरी पैसे देऊन करून घेतलेलं. त्यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर प्रपोजल लिहायला बसलो की पहिल्या पानावरच गाडी अडते. माझीही अडली, दोनदा नकार आला, तिसऱ्या वेळी मिळालं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं जे काही आहे ते इथे क्रमाने लिहितोय. मी मेडिकल कॉलेजातला आहे म्हणून उदाहरणं तिथलीच आहेत, डेंटल, नर्सिंग, आयुर्वेदवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी ट्रेनिंग, पण मोजकंच

आयसीएमआरच्या चेन्नईच्या एनआयई संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक ऑनलाइन कोर्स आहे, ज्याला सगळे बीसीबीआर म्हणतात. पीजी आणि टीचर दोघांनाही एनएमसीने, म्हणजे मेडिकल शिक्षणाच्या नियामक आयोगाने, तो लावलाय, त्यामुळे बहुतेक जण नाइट ड्युटीला दीडपट स्पीडने व्हिडिओ पळवून सर्टिफिकेट काढून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. नंतर प्रपोजल लिहायला घेतल्यावर परत तेच लेक्चर शांतपणे बघितले आणि लक्षात आलं की अरे, हे तर सगळं सांगितलेलंच होतं. तर सर्टिफिकेट असलं तरी रिसर्च क्वेश्चन, स्टडी डिझाइन, सॅम्पल साइझ एवढे तीन विषय पुन्हा बघा. एक जीसीपीचं, म्हणजे माणसांवरचा अभ्यास नीट आणि सुरक्षित कसा करायचा त्या नियमांचं, ट्रेनिंग करून ठेवा, एथिक्स कमिटी ते मागतेच.

यापुढचं ट्रेनिंग म्हणजे स्वतःचं कच्चं प्रपोजल घेऊन जायचं असतं तसलं. कॅन्सरमध्ये काम करणाऱ्यांसाठी टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडवाले २०१५ पासून क्रेडो नावाचं वर्कशॉप घेतात, तिथे एका पानाची कल्पना घेऊन जायचं आणि आठवडाभर सिनियर लोकांबरोबर बसून पूर्ण प्रोटोकॉल घेऊन परत यायचं. इंडिया अलायन्सवाले (ग्रँट देणारी संस्था, खाली येईल) पण डॉक्टरांसाठी आणि सायन्स कम्युनिकेशनची वर्कशॉप्स घेतात, सिलेक्शन असतं, अर्ज करावा लागतो. बाकी हॉटेलात होणारी 'वन डे वर्कशॉप ऑन रिसर्च मेथडॉलॉजी' ही क्रेडिट पॉइंट आणि जेवणासाठी ठीक आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, जेवण चांगलं असतं.

कुठल्या दाराशी उभं राहायचं

नवीन माणूस सगळ्यात मोठी चूक इथेच करतो, आधी प्रपोजल लिहितो आणि मग ते कुठे टाकायचं ते शोधतो. उलटं करा. आधी कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, बघा, कोण पात्र आहे, किती वर्षं, किती पैसे, कुठले विषय त्यांना हवेत, ते सगळं वाचून मगच पहिलं वाक्य लिहा.

एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना, १९७९ पासून चालू आहे, दोन महिन्यांचं छोटं काम, स्टायपेंड मिळतो, आणि रिपोर्ट वेळेवर कसा द्यायचा ही सवय लागते जी पुढे सोन्यासारखी आहे. पीजीला असाल तर थीसिससाठी आयसीएमआरची आर्थिक मदत असते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडूनही छोट्या कामांना पैसे मिळतात, रक्कम मोठी नसते पण स्पर्धाही त्यामानाने कमी. फॅकल्टी झालात की आयसीएमआरची एक्स्ट्राम्युरल ग्रँट, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना मिळणारी, त्यातली स्मॉल ग्रँट ही आपली, त्याहून मोठ्या इंटरमीजिएटच्या वाटेला आत्ताच जाऊ नका. त्यात मुख्य संशोधक रेग्युलर पोस्टवर असावा लागतो, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टवर असाल तर अटी नीट वाचा, नाहीतर मेहनत करायची तुम्ही आणि नाव लागायचं दुसऱ्याचं. करिअरमध्ये ब्रेक झालेल्या डॉक्टर बायकांसाठी केंद्राच्या हेल्थ रिसर्च विभागाची वेगळी फेलोशिप आहे, आमच्याकडे दोघी-तिघींना ती माहीतच नव्हती.

आणि इंडिया अलायन्स, म्हणजे आपला केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचं वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात ते. त्यांची क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ फेलोशिप ही प्रोजेक्टपेक्षा माणसाला दिलेली असते. त्यात तुमचा पगार, वेळ, ट्रेनिंग सगळं येतं आणि इंटरव्ह्यूही तसाच कडक असतो. पहिल्याच झटक्यात तिथे उडी मारू नका असं मी म्हणेन, आधी एखादी छोटी ग्रँट पूर्ण करून दाखवा, मग जा. काही लोकांचं याउलट मत आहे, असू दे.

अजून एक, काही सरकारी मेडिकल कॉलेजांत एमआरयू म्हणून मल्टीडिसिप्लिनरी रिसर्च युनिट असतं, त्यात मशीन आणि सायंटिस्ट दोन्ही असतात. तुमच्या किंवा शेजारच्या जिल्ह्याच्या कॉलेजात ते आहे का ते विचारा. कितीतरी ठिकाणी मशीन कव्हर घालून झाकलेली असतात आणि वरच्या मजल्यावरचा माणूस तेच मशीन विकत घ्यायला बजेट मागत असतो.

प्रश्न: सोमवारी सकाळी तू नक्की काय करणार?

माझं पहिलं प्रपोजल 'ग्रामीण भागातील डायबेटिक फूट: एक सर्वंकष अभ्यास' असं काहीतरी होतं. अठरा पानं. एका सिनियर सरांना दाखवलं, त्यांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "समजा पैसे मिळाले. सोमवारी सकाळी साडेनऊला तू कुठे जाणार, कुणाच्या पायाला काय लावणार आणि कागदावर काय लिहिणार?" मला सांगता येईना. मग ते म्हणाले, "तुलाच सांगता येत नाही तर वाचणाऱ्याला कसं कळणार."

ते डोक्यात बसलं. सर्वंकष वगैरे गेलं आणि प्रश्न असा झाला: ग्रामीण रुग्णालयाच्या एनसीडी (बीपी-शुगरच्या) क्लिनिकमध्ये सिस्टरने दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने डायबेटिसच्या पेशंटचे पाय तपासले, तर बायोथेसिओमीटरने (पायाला कंपनं जाणवतात का ते मोजणारं मशीन) सापडणाऱ्या न्यूरोपॅथीवाल्यांपैकी, म्हणजे पायाच्या नसा खराब होऊन संवेदना कमी झालेल्यांपैकी, किती जण तिला सापडतात? यात जागा आहे, माणूस आहे, वस्तू आहे, तुलना कशाशी ते आहे, आणि उत्तर आलं की त्याचा उपयोग काय तेही दिसतं, कारण मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा दोरा, खिशात मावतो, आणि बायोथेसिओमीटर सगळीकडे नसतो.

आपल्याकडे मोठी लॅब नाही म्हणून रडत बसू नका. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) विंचू चावलेले पेशंट उशाशी बसून पाहिले, नाडी, बीपी, घाम, फुफ्फुसातलं पाणी, तासातासाला लिहून ठेवलं, आणि १९८२ मध्ये ते लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये आलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायकांच्या आजारांवरचा अभ्यास १९८९ चा, तोही लॅन्सेटमध्येच. दोन्हीकडे प्रश्न दारात उभा होता. तुमच्या दारात कोण उभं आहे ते बघा, सिकलसेल असेल, लेप्टो असेल, फवारणीची विषबाधा असेल.

सॅम्पल साइझ, आणि इथे मी कसा पडलो

पीएसएमला (कम्युनिटी मेडिसिनला) शिकलेला फॉर्म्युला आठवतोय ना, चार पीक्यू भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे धरलेली टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे चालेल एवढा मागे-पुढे फरक. तोच वापरू. सिस्टरच्या तपासणीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खरंच न्यूरोपॅथी असलेल्यांपैकी तिला सापडणारे, ८५ टक्के असेल असं धरलं, मागे-पुढे ७ टक्के चालेल म्हटलं. ४ × ८५ × १५ म्हणजे ५,१००, भागिले ४९, आले १०४ आणि थोडं, म्हणजे १०५. झालं, असं म्हणून बरेच जण इथेच थांबतात. पण हे १०५ म्हणजे ज्यांना खरंच न्यूरोपॅथी आहे असे लोक, क्लिनिकला येणारे सगळे नाहीत. आपल्याकडे येणाऱ्या डायबेटिसवाल्यांत ३० टक्के लोकांना न्यूरोपॅथी असेल असं धरलं तर १०५ भागिले ०.३, म्हणजे ३५० माणसं तपासावी लागणार. त्यात दहा टक्के अर्धवट सोडून जाणारे धरा, ३५० भागिले ०.९, म्हणजे ३८९, सोयीसाठी ३९० धरू. हे ८५ आणि ३० कुठून आणले ते लिहायचं, आधीचे पेपर किंवा स्वतःचा छोटा पायलट. हवेतून नाही. ओपनएपीसारखं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, आकडा त्यावर पडताळून बघा, आणि स्टॅटिस्टिशियनला प्रपोजल लिहिताना भेटा, डेटा गोळा झाल्यावर नाही. डेटा घेऊन गेलात की तो फक्त पोस्टमॉर्टेम करू शकतो.

आता खरी गंमत. ३९० लोक मिळतील का? मी रजिस्टर बघितलं, दर गुरुवारी क्लिनिकला सरासरी ४५ डायबेटिसवाले. ४५ × ५२, वर्षाला २,३४०. मी खुश, तीन महिन्यांत काम फत्ते असं प्रपोजलमध्ये ठोकून दिलं. टाइप करून झालं, प्रिंट निघाली, आणि क्लिनिकच्या सिस्टरना सहज दाखवलं तर त्या म्हणाल्या, "सर, पण तेच लोक येतात की हो दर महिन्याला. गोळ्या न्यायला."

म्हणजे २,३४० ही माणसं नव्हतीच, त्या भेटी होत्या. चार गुरुवारचे मिळून जेमतेम १८० चेहरे, वर्षभर तेच. वर आठवड्याला दोन-तीन नवीन, म्हणजे वर्षाला अजून साधारण १२०. एकूण ३००, त्यातले काही नाही म्हणणार, काही मुलाकडे पुण्याला जाणार. ३९० एका रुग्णालयातून होतच नाहीत. मग दुसरं ग्रामीण रुग्णालय घेतलं, कालावधी तीन महिन्यांचा वर्षभराचा केला. हे सिस्टरनी पकडलं नसतं तर रिव्ह्यूअरने पकडलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणीच पकडलं नसतं आणि पैसे मिळाले असते.

म्हणून म्हणतो, लिहायच्या आधी रजिस्टर घेऊन बसा. एक महिन्याची पानं घ्या, रिपीट नावं खोडा, तुमच्या अटीत न बसणारे खोडा, उरतील ते मोजा. मोजलेला तो आकडा प्रपोजलमध्ये लिहा की अमुक महिन्यात एवढे वेगवेगळे पेशंट आले. माझ्या तिसऱ्या प्रपोजलच्या रिव्ह्यूत जे एकच कौतुकाचं वाक्य होतं ते याच ओळीबद्दल होतं.

आधी एक पान

पूर्ण प्रपोजल लिहू नका, आधी एकच पान लिहा. पहिल्या तीन-चार ओळीत त्रास काय आहे, मग आत्तापर्यंत काय माहीत आहे आणि नक्की कुठे अडलंय, मग तुमचा प्रश्न, मग दोन किंवा फार तर तीन उद्देश, आणि शेवटी उत्तर मिळालं तर कोण काय वेगळं करेल. उद्देशात 'अभ्यास करणे', 'जाणून घेणे' असले शब्द आले की थांबा. मोजणे, तुलना करणे, असं काहीतरी पाहिजे ज्याच्या शेवटी एक टेबल येईल. खरं तर ते रिकामं टेबलच आधी काढा, ओळी, रकाने, हेडिंग, फक्त आकडे नाहीत. जो व्हेरिएबल कुठल्याच टेबलात जात नाही तो प्रोफॉर्मातून, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्ममधून, काढून टाका. माझा नऊ पानी प्रोफॉर्मा अडीच पानावर आला, त्यात पेशंटच्या आजोबांचा व्यवसाय पण होता, देव जाणे का.

हे पान तीन जणांना द्या. एक तुमच्या विषयातला, एक दुसऱ्या डिपार्टमेंटचा, आणि एक घरातलं कुणी जे डॉक्टर नाही. तिसऱ्याला कळलं नाही तर चूक तुमची. तुमचं प्रपोजल वाचणारा माणूस पण दिवसभराच्या ओपीडीनंतर रात्री दहाला पंधरावी फाइल उघडून बसलेला असतो, तो तुमच्या विषयातला असेलच असं नाही. बाकीचं लिहून घ्यायला एआय वापरायचा मोह होईल, भाषा सुधारायला ठीक, पण संदर्भ एकूण एक स्वतः उघडून बघा आणि फंडिंग एजन्सीचा नियम काय आहे तेही बघा.

बजेट म्हणजे तोच हिशेब, फक्त रुपयात

'कन्झ्युमेबल्स: २,००,०००', 'ट्रॅव्हल: १,००,०००' असं गोल-गोल लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की माणसाने विचार केलेला नाही. दुसरं रुग्णालय ३२ किलोमीटरवर, जाऊन-येऊन ६४, वर्षात ४८ फेऱ्या, ३,०७२ किलोमीटर, गुणिले संस्थेचा प्रवासदर. असं लिहा. माणूस ठेवणार असाल तर पोस्टचं नाव आणि पगार फंडिंग एजन्सीच्या यादीप्रमाणेच, मनाने नाही. समजा महिना २८,००० तर बारा महिन्यांचे ३,३६,०००, वर घरभाडे भत्ता शहराप्रमाणे. मशीनचं कोटेशन आत्ताच मागवा. संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या खर्चाचा वाटा, किती टक्के ते कॉलमध्ये दिलेलं असतं, ते विसरलात तर अकाउंट्सचे भाऊ फॉरवर्डिंग लेटरवर सहीच होऊ देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहेत.

टाइमलाइनमध्ये पहिले तीन-चार महिने पेशंट घेणार नाही असंच दाखवा. जाहिरात, इंटरव्ह्यू, जेमवरून (सरकारी खरेदी पोर्टल) खरेदी, ट्रेनिंग, यात ते जातातच.

एथिक्स कमिटी आणि मराठी फॉर्म

कमिटीची मीटिंग कधी असते ते आधी विचारा. काही ठिकाणी तीन महिन्यांतून एकदा असते, आणि कागद पंधरा दिवस आधी द्यावे लागतात, मी एकदा दोन दिवसांनी हुकलो आणि कॉलची तारीख निघून गेली. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना वाचून ठेवा, तुमचं काम एक्झम्प्ट (तपासणीतून सूट), एक्स्पेडाइटेड (झटपट तपासणी) की फुल रिव्ह्यू हे त्यात कळतं. ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (ट्रायल्सच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत) नोंदणी पाहिजे, १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी चालत नाही. फी काही नाही. परदेशातून पैसे किंवा परदेशी पार्टनर असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी लागते, त्याला वेळ धरा.

संमतीपत्र टायपिंगवाल्याकडून किंवा गूगलवरून भाषांतर करून घेऊ नका. आमच्या पहिल्या फॉर्मवर आलं होतं, 'परिधीय चेताविकृतीच्या निदानार्थ आपल्या पादतलाची संवेदनक्षमता चाचणी करण्यात येईल.' एका आजींना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "पाय कापायचा का काय?" मग सिस्टर आणि मी बसून लिहिलं: 'नायलॉनचा बारीक दोरा तुमच्या तळपायाला काही ठिकाणी हळूच टेकवून बघू. लागलं की हो म्हणा. दुखत नाही, रक्त काढत नाही. नाही म्हणालात तरी तुमच्या गोळ्या आणि उपचार आहेत तसेच चालू राहतील.' कमिटीतल्या वकील मॅडमना हे जरा फारच साधं वाटलं, पण पास झालं.

पाठवणं, नकार, आणि पैसे आले तर

आयसीएमआरचं सबमिशन ई-पीएमएस पोर्टलवर होतं. अकाउंट आठवडाभर आधी काढा, शेवटच्या संध्याकाळी पोर्टल कासव होतं आणि पीडीएफची साइझ मोठी होते, हे अगदी लग्नात पाऊस यावा तितकं ठरलेलं. डीनची सही, को-इन्व्हेस्टिगेटरचे बायोडेटा, दुसऱ्या रुग्णालयाच्या अधीक्षकांचं पत्र, हे लिहायच्या आधी सुरू करा कारण फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस बसेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आवक नंबर घेऊन ठेवा. ऑथरशिपचं पण आत्ताच बोलून घ्या, पहिलं नाव कुणाचं, शेवटचं कुणाचं, आणि एक साधा मेल टाकून ठेवा. प्रमोशनला पेपर लागतात, मग सगळ्यांना अचानक आठवतं की आपणही होतो.

नकार येईल. पहिल्यांदा बहुतेकांना येतोच. मेल वाचून दोन दिवस काही करू नका, मग कमेंट्सचे तीन ढीग करा: बरोबर आहेत, चुकीच्या आहेत पण माझ्या लिहिण्यामुळे त्यांचा गैरसमज झाला, आणि खरंच चुकीच्या आहेत. तिसरा ढीग आपल्याला आधी फार मोठा वाटतो, आठवड्याने बघितला तर त्यातलं बरंचसं दुसऱ्यात गेलेलं असतं. सुधारून तेच पुढच्या कॉलला टाका, नवीन विषय शोधत बसू नका.

आणि सँक्शन लेटर आलं तर पेढे नंतर. पहिली झेरॉक्स अकाउंट्सला, दुसरी एथिक्स कमिटीला, तिसरी स्वतःच्या फाइलला. पहिल्या दिवसापासून एक साधी एक्सेल ठेवा, तारीख, कशाला, किती, बिल नंबर, कुठल्या हेडमधून. माझा पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात फेब्रुवारीत पडला होता, मला कळलं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात अकाउंट्सचा फोन, "सर, मार्च एंड आहे, युटिलायझेशन सर्टिफिकेट द्या." म्हणजे मिळालेले पैसे कसे खर्च झाले त्याचा दाखला. खर्च शून्य रुपये. शून्याचं सर्टिफिकेटही देता येतं आणि द्यावंच लागतं, फॉर्म जीएफआर १२-ए, त्यावर तीन सह्या जमवायला मी चार दिवस जिने चढलो. तेव्हा फेब्रुवारीपासून दर सोमवारी अकाउंट्सला एक चक्कर मारत जा, जाताना चहा घेऊन गेलात तर अजून बरं.